तारांवरचा पहारा
परवडणारा लॉजिक अ‍ॅनालायझर कसा निवडाल?

अशी कल्पना करा की तुम्ही कन्नड तालुक्यातल्या एखाद्या गावी राहता. घरच्या कांदाचाळीत हवेचे तापमान आणि आर्द्रता किती आहे हे दाखवणारे एक छोटे यंत्र तुम्ही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जुळवले आहे. एक आर्डुइनो पट्टी, डीएचटी११ नावाचा निळा संवेदक, दोन ओळींचा एक पडदा आणि दहा-बारा तारा. सगळे पुस्तकात दाखवल्याप्रमाणे जोडले. वीज दिली. पडद्यामागचा दिवा लागला. पण पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही. प्रदर्शन चार दिवसांवर आले आहे.

आता दोष कोणाचा? संशयित तीन आहेत. एक, तारा आणि जोडण्या. दोन, संवेदक किंवा पडदा. आणि तीन, तुम्ही लिहिलेली आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम. बहुतेक मुले अशा वेळी दुसऱ्या संशयिताला शिक्षा करतात. साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला कोणी जाणार असेल तर त्याच्याकडून नवा पडदा मागवतात, किंवा टपालाने येईपर्यंत वाट पाहतात. नवा पडदाही तसाच कोरा राहिला की मग संवेदक बदलतात. अशा रीतीने पाच-सातशे रुपये सहज खर्च होतात आणि दोष होता तिथेच राहतो. निदान न करता औषध बदलत राहण्यासारखेच हे आहे.

जेवढ्या पैशांत हे सुटे भाग वाया जातात, साधारण तेवढ्याच पैशांत आज निदान करणारे एक उपकरण मिळू शकते. त्याचे नाव लॉजिक अ‍ॅनालायझर. मराठीत त्याला तर्क-विश्लेषक म्हणता येईल. पण बाजारात मागताना लॉजिक अ‍ॅनालायझर असेच म्हणावे लागते. हे उपकरण काय करते, ते विकत घेताना कोणते प्रश्न विचारावेत आणि ते केव्हा घेऊच नये, हे आपण या लेखात पाहू.

मीटर का पुरत नाही?

तुमच्याजवळ मल्टिमीटर असेलच. नसेल तर आधी तो घ्या, कारण पुढचे सर्व त्यानंतरचे आहे. वीज पुरेशी येते का, तार मधेच तुटली आहे का, हे मीटर चटकन सांगतो. पण अंकीय मंडलांत, म्हणजे डिजिटल सर्किटांत, माहिती तारेवरून फार वेगाने धावत असते. तारेवर ५ व्होल्ट असले की तो १ आणि शून्य व्होल्ट असले की तो ०, अशा दोनच अवस्थांच्या भाषेत हे भाग एकमेकांशी बोलतात. त्या अवस्था सेकंदात हजारो, कधी लाखो वेळा बदलतात.

साधा मीटर मात्र सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो. एखाद्या तारेवर अर्धा वेळ ५ व्होल्ट आणि अर्धा वेळ शून्य व्होल्ट असतील, तर मीटर सुमारे २.५ व्होल्ट दाखवील. वास्तविक त्या तारेवर २.५ व्होल्ट कधीच नसतात! मीटरने केवळ सरासरी सांगितली. वर्गाच्या सरासरी गुणांवरून एखाद्या मुलाचा निकाल कळत नाही, तसेच हे झाले. तारेला एलईडी दिवा लावून पाहिला तरी आपल्या डोळ्यांना इतकी जलद उघडझाप दिसत नाही. दिवा नुसता मंद जळल्यासारखा वाटतो.

गौताळ्यातील मचाणे आणि आठ तारा

कन्नडच्या उत्तरेला डोंगरात गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री अशा अभयारण्यांत पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर माणसे बसतात आणि पाण्यावर कोणते प्राणी येतात याची नोंद करतात.

आता समजा, आठ पाणवठे आहेत आणि प्रत्येकावर एक पहारेकरी आहे. सर्वांची घड्याळे एकाच वेळेला लावलेली आहेत. ठरलेल्या प्रत्येक क्षणी प्रत्येकाने पाण्याकडे पाहायचे आणि वहीत लिहायचे : प्राणी आहे तर १, नाही तर ०. सकाळी आठही वह्या एकाखाली एक मांडल्या की रात्रभर जंगलात काय घडले, कोणत्या पाणवठ्यावर आधी हालचाल झाली आणि कोणत्यावर नंतर, हे सारे कळते.

लॉजिक अ‍ॅनालायझर नेमके हेच करतो. पाणवठ्यांच्या जागी तारा असतात. प्रत्येक तारेवरच्या पहाऱ्याला चॅनेल म्हणतात. पाहण्याच्या प्रत्येक क्षणाला नमुना, आणि एका सेकंदात किती नमुने घेतले त्या संख्येला नमुना-वेग म्हणतात. वह्या मांडण्याचे काम संगणकाचा पडदा करतो. तिथे प्रत्येक तारेचा चढउतार किल्ल्याच्या तटाच्या कंगोऱ्यांसारखा दिसतो.

या उदाहरणातून दोन गोष्टी आणखी समजतात. पहारेकऱ्याने दर दहा मिनिटांनी पाहिले आणि बिबट्या दोन मिनिटांत पाणी पिऊन गेला, तर वहीत त्याची नोंदच होणार नाही. म्हणून नमुने घटनेच्या मानाने बरेच जलद घेतले पाहिजेत. दुसरे असे, की रात्रभराच्या नोंदींत आपल्याला फक्त बिबट्याच हवा असेल, तर ‘बिबट्या दिसल्यापासून लिहायला लागा’ अशी सूचना देता येते. या सूचनेला ट्रिगर म्हणतात. अमुक तार १ वरून ० वर आली की नोंद सुरू कर, असे उपकरणाला सांगता येते.

थोडा इतिहास

हे उपकरण फार जुने नाही. १९७१ साली इंटेल कंपनीचा ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आला. एकाच चिपमध्ये हजारो ट्रान्झिस्टर काम करू लागले आणि दुरुस्ती करणाऱ्यांची पंचाईत झाली. त्या काळचा हुकमी साथी म्हणजे ऑसिलोस्कोप. पण तो बहुधा दोन किंवा चार तारांकडेच एका वेळी पाहू शके, आणि पुन्हापुन्हा घडणारी घटनाच त्यावर नीट दिसे. एकदाच घडून गेलेली चूक कशी पकडायची?

१९७३ साली अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने यासाठी ५०००ए नावाचे उपकरण काढले. ते दोनच तारांवर पहारा ठेवी आणि त्यांवरील शून्ये व एक छोट्या दिव्यांच्या ओळींत दाखवी. त्याच सुमारास त्याच कंपनीचे १६०१एल हे उपकरण आले. ते बारा तारा पाहून शून्ये आणि एक यांचा तक्ताच पडद्यावर मांडत असे. अशी उपकरणे मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडणारी होती.

ती शाळकरी मुलांच्या आवाक्यात आली याचे कारण म्हणजे यूएसबी आणि घरोघरचे संगणक. पडदा, स्मृती आणि आकडेमोड ही खर्चिक कामे संगणकावर सोपवली, की उपकरणात उरते ती केवळ नोंदी घेऊन पाठवणारी एक लहानशी चिप. सायप्रस कंपनीची एफएक्स२एलपी ही अशीच एक चिप. २००८ च्या सुमारास अमेरिकेतील सेलिए या लहान कंपनीने त्याच जातीच्या चिपवर आठ चॅनेलांचा छोटा अ‍ॅनालायझर काढला. त्याची किंमत १४९ डॉलर होती. पुढे २०१० पासून सिगरोक नावाचा मुक्त प्रकल्प सुरू झाला. अनेक देशांतील हौशी मंडळींनी मिळून त्यात अशा उपकरणांसाठी मोफत संगणक-आज्ञावली लिहिली. पडद्यावर दिसणारा तिचा भाग म्हणजे पल्सव्ह्यू. ती कोणालाही फुकट घेता येते आणि कशी लिहिली आहे हेही वाचता येते.

घेण्यापूर्वी पाच प्रश्न

जाहिरातीत मोठमोठे आकडे असतात. त्यांना भुलू नका. पुढील पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : चॅनेल किती? डीएचटी११ संवेदकाला निरोपाची एकच तार असते. दोन तारांवर चालणारी आय-टू-सी पद्धत, दोन तारांवरची अनुक्रमी म्हणजे सीरियल पद्धत, चार तारांवरची एसपीआय पद्धत, या छंदी मंडलांतल्या नेहमीच्या पद्धती होत. त्यामुळे आठ चॅनेल भरपूर होतात. सोळा किंवा बत्तीस चॅनेलांसाठी जादा पैसे मोजण्याचे तुम्हाला कारण नाही.

दुसरा प्रश्न : नमुना-वेग किती? येथे थोडे गणित करू. सीरियल पद्धतीत नेहमीचा वेग सेकंदाला ९६०० अंकांचा असतो. म्हणजे एका अंकाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद मिळतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. सेकंदाला १ लाख नमुने घेतले तर एका अंकाचे दहा नमुने मिळतील आणि काम उत्तम होईल. आय-टू-सी पद्धतीत घड्याळ-तारेचे ठोके सेकंदाला १ लाख किंवा ४ लाख असतात. त्यांना अनुक्रमे १० लाख आणि ४० लाख नमुने पुरतात. किमान चारपट आणि शक्य तर दहापट, हा नियम लक्षात ठेवा.

बाजारातील स्वस्त अ‍ॅनालायझरवर ‘२४ मेगाहर्ट्झ’ असे छापलेले असते. याचा अर्थ तो सेकंदाला २ कोटी ४० लाख नमुने घेतो. २ कोटी ४० लाख ठोक्यांचा संकेत तो अचूक दाखवील असा नव्हे. चारपटीच्या नियमाने त्यावर सेकंदाला ६० लाख ठोक्यांपर्यंतच विश्वास ठेवावा. आर्डुइनो उनो एसपीआय पद्धतीने सेकंदाला जास्तीत जास्त ८० लाख ठोके देऊ शकतो. तेथे हा अ‍ॅनालायझर तोकडा पडेल. उपाय सोपा आहे : दोष शोधेपर्यंत आज्ञावलीत एसपीआयचा वेग कमी करा.

तिसरा प्रश्न : नोंदी कुठे साठतात? काही उपकरणांना स्वतःची स्मृती असते, तर काही प्रत्येक नमुना तत्काळ संगणकाकडे पाठवतात. आठ तारांचा एक नमुना म्हणजे एक बाइट. पूर्ण वेगाने सेकंदाला २ कोटी ४० लाख बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे १४४ कोटी बाइट माहिती यूएसबी तारेतून जाते. जुना संगणक हा लोंढा झेलू शकत नाही आणि नोंद मधेच थांबते. तेव्हा घाबरू नका. वेग कमी करा. सेकंदाला १० लाख नमुने घेतले तर मिनिटाला ६ कोटीच बाइट होतात, आणि ते शाळेतला जुना संगणकही आरामात झेलतो.

चौथा प्रश्न : किती व्होल्ट सोसतो? आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको ३.३ व्होल्टवर. घ्यायचे उपकरण दोन्ही सोसणारे असावे. माहितीपत्रकात हे लिहिलेले नसेल तर ते उपकरण घेऊ नका.

पाचवा प्रश्न : आज्ञावली कोणती? हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. खरे तर तो पहिला हवा. नुसते कंगोरे पाहून डोके दुखते. चांगली आज्ञावली त्या कंगोऱ्यांचा अर्थ लावून ‘हा आकडा ५५’, ‘हे अक्षर क’ असे खाली लिहून दाखवते. सिगरोक प्रकल्पात असे शंभराहून अधिक अर्थ लावणारे भाग आहेत. म्हणून उपकरण पल्सव्ह्यूमध्ये चालते की नाही, हे विचारूनच पैसे द्या.

बाजारातल्या तीन वाटा

पहिली वाट म्हणजे आठ चॅनेल, २४ मेगाहर्ट्झवाली छोटी डबी. तिच्यात एफएक्स२एलपी चिप असते. आपल्याकडे ती साधारण ५०० ते १००० रुपयांच्या दरम्यान मिळते. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची जुनी बाजारपेठ आहे. घरचे कोणी मुंबईला जाणार असेल तर तिथे चौकशी करता येईल. कन्नडला बसून मागवायची तर टपालाची वाट आहेच.

या डबीबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यांपैकी पुष्कळ डब्या संगणकाला जोडल्या की आपली ओळख दुसऱ्याच कंपनीच्या उपकरणाची म्हणून देतात, आणि काही विक्रेते त्या कंपनीची आज्ञावली वापरा असे सुचवतात. ती आज्ञावली त्या कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेली आहे. तुम्हाला तिची गरज नाही. सिगरोकची स्वतःची मुक्त आज्ञावली या चिपसाठी आहे. डबी जोडल्यावर पल्सव्ह्यू ती आपोआप चिपमध्ये भरते. लिनक्सवर हे सहज होते; विंडोजवर झाडिग नावाच्या साधनाने एकदा ड्रायव्हर बसवावा लागतो.

दुसरी वाट म्हणजे रास्पबेरी पाय पिको. जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलर किमतीला आलेली ही पट्टी एरवी आर्डुइनोसारखी वापरतात. पण मुक्त आज्ञावली भरली की तीच अ‍ॅनालायझर होते. अशा एका आज्ञावलीने पिको सेकंदाला १० कोटी नमुने घेऊ शकते. मग डबी कशाला घ्यावी? कारण पिकोची स्मृती लहान आहे : अवघी २६४ किलोबाइट. त्यात आठ चॅनेलांच्या सुमारे १ लाख ३० हजार नोंदी मावतात. १० कोटींच्या वेगाने ही वही १.३ मिलिसेकंदांतच भरते. १० लाखांच्या वेगाने ०.१३ सेकंदात. म्हणजे पिको चपळ आहे, पण विसराळू. डबी मंद आहे, पण दीर्घ स्मृतीची. शिवाय पिकोच्या खुंट्या ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा आर्डुइनो तिला थेट जोडू नये. मध्ये दाब उतरवणारा परिपथ हवा. ज्यांच्याजवळ पिको आधीच आहे आणि सर्व काम ३.३ व्होल्टवर आहे, त्यांनी याच वाटेने जावे. त्यांना एक पैसाही खर्च नाही.

तिसरी वाट महागड्या उपकरणांची. डीएसलॉजिक प्लस हे उपकरण सोळा चॅनेलांचे असून कमी चॅनेलांवर सेकंदाला ४० कोटी नमुने घेते. सेलिए कंपनीची आजची उपकरणे डिजिटल कंगोऱ्यांबरोबर प्रत्यक्ष दाबही मोजतात. पण त्यांच्या किमती हजारो रुपयांत आहेत. व्यवसाय करणाऱ्याला त्या योग्य, विद्यार्थ्याला नाहीत.

आणखी एक चौथी वाट आहे, ती सर्वांत स्वस्त : विचारून पाहणे. अटल इनोव्हेशन मिशन २०१६ साली सुरू झाले, आणि निवडलेल्या शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची त्यात योजना केली गेली. तुमच्या किंवा जवळच्या शाळेत अशी प्रयोगशाळा असेल तर तेथे विचारा. नसेल तर पाच मित्रांनी मिळून एक डबी घ्यावी. अ‍ॅनालायझर रोज लागत नाही. तो शिडीसारखा आहे. वाड्यात एक असली की पुरते.

कोऱ्या पडद्याचे निदान

आता आपल्या कांदाचाळीच्या यंत्राकडे जाऊ. डबीची भूमी-तार आर्डुइनोच्या जीएनडी खुंटीला जोडा. हे विसरलात तर सर्व नोंदी निरर्थक येतील. कारण शून्य कशाला म्हणायचे हे दोघांचे आधी ठरले पाहिजे. पडद्याच्या मागे जी आय-टू-सी पट्टी असते, तिच्या एसडीए आणि एससीएल या दोन तारांना पहिले दोन चॅनेल लावा. संवेदकाच्या निरोपाच्या तारेला तिसरा. नमुना-वेग सेकंदाला १० लाख ठेवा, नोंद सुरू करा आणि आर्डुइनोचे रीसेट बटण दाबा.

आय-टू-सी पद्धतीत आर्डुइनो प्रथम पत्ता पुकारतो. तो आठ ठोक्यांत जातो. त्यातला शेवटचा अंक लिहायचे की वाचायचे हे सांगतो. नवव्या ठोक्याला तो तार मोकळी सोडतो. ज्याचा तो पत्ता असेल त्याने ती तार ओढून शून्यावर आणायची, म्हणजे ‘हजर’ म्हणायचे. वर्गात गुरुजी हजेरी घेतात तशीच ही हजेरी. समजा, पल्सव्ह्यूने दाखवले की आर्डुइनोने षोडशमान पद्धतीतला २७ हा पत्ता पुकारला आणि नवव्या ठोक्याला तार १ वरच राहिली. याचा अर्थ, त्या पत्त्यावर कोणीही नाही!

येथे एक मजेशीर गोष्ट आहे. पडद्यामागची पट्टी दोन जातींच्या चिपांची मिळते. पीसीएफ८५७४ चिपेची असेल तर तिचा पत्ता बहुधा २७ असतो आणि पीसीएफ८५७४ए चिपेची असेल तर ३एफ. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच. पुस्तकातल्या आज्ञावलीत २७ लिहिलेले असते आणि तुमच्या हाती ३एफ आलेली असते. दारावर चुकीच्या नावाने हाक मारली तर घरचा माणूस ओ कसा देईल? आज्ञावलीत फक्त पत्ता बदला. पडदा बोलू लागेल. तारा शाबूत होत्या आणि पडदाही निर्दोष होता. ‘हजर’ येऊनही पडदा कोराच राहिला, तर पट्टीमागचा कॉन्ट्रास्टचा स्क्रू फिरवून पाहा.

आता संवेदक. डीएचटी११ शी बोलताना आर्डुइनो आधी तार किमान १८ मिलिसेकंद शून्यावर धरतो आणि सोडतो. संवेदक ८० मायक्रोसेकंद शून्य आणि ८० मायक्रोसेकंद एक, असा हुंकार देतो. त्यानंतर तो ४० अंक पाठवतो. प्रत्येक अंकाआधी तार ५० मायक्रोसेकंद शून्यावर असते. मग ती २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिली तर अंक ०, आणि सुमारे ७० मायक्रोसेकंद वर राहिली तर अंक १. हे ४० अंक म्हणजे आठ-आठ अंकांचे पाच गट : आर्द्रतेचे दोन, तापमानाचे दोन आणि शेवटी पडताळ्याचा एक. उदाहरणार्थ, आर्द्रता ५५ टक्के म्हणजे ००११०१११ आणि तापमान २८ अंश म्हणजे ०००१११००. अपूर्णांकांचे गट शून्य असतील तर पडताळ्याचा गट ५५ अधिक २८ म्हणजे ८३ आला पाहिजे.

नोंदीत तीनपैकी एक चित्र दिसेल. आर्डुइनोने हाक मारली आणि तार वर जाऊन तशीच राहिली, तर संवेदक मुका आहे. त्याची वीज आणि जोडणी तपासा, दोन्ही ठीक असतील तरच तो बदला. हुंकार आला पण अंक मधेच तुटले किंवा बेरीज जुळली नाही, तर तार फार लांब आहे किंवा तिला वर ओढून धरणारा रोध बसवलेला नाही. पूर्ण ४० अंक आले आणि बेरीजही जुळली, तर संवेदक व तार दोन्ही निर्दोष. चूक तुमच्या आज्ञावलीत आहे. तीन संशयित आणि तीन वेगवेगळ्या खुणा. एवढ्यासाठीच हे उपकरण घ्यायचे.

जे त्याला दिसत नाही

लॉजिक अ‍ॅनालायझर प्रत्येक दाबाला ० किंवा १ यांपैकी एका खान्यात ढकलतो. साधारण ०.८ व्होल्टच्या खाली ० आणि २ व्होल्टच्या वर १. त्यामुळे ५ च्या जागी ३ च व्होल्ट येत आहेत, बॅटरी उतरली आहे, तारेचा चढ सावकाश होत आहे, या गोष्टी त्याला दिसत नाहीत. त्या पाहायला ऑसिलोस्कोप हवा, आणि निदान सुरुवातीला मीटर. ध्वनी, रेडिओ, मोटार यांच्या मंडलांतही त्याचा उपयोग थोडा.

दोन सूचना मात्र काटेकोर पाळा. घरातल्या २३० व्होल्ट विजेशी थेट जोडलेल्या कोणत्याही मंडलाला हे उपकरण लावायचे नाही. काही स्वस्त दिवे आणि चार्जर ट्रान्स्फॉर्मरवाचून थेट विजेवर चालतात. तेथे डबी, संगणक आणि तुम्ही स्वतः, तिघांनाही धोका आहे. दुसरे, शेतीपंपाच्या नियंत्रकांत १२ किंवा २४ व्होल्टच्या तारा असतात. तेथे आधी मीटरने दाब मोजा. ५ व्होल्टपेक्षा अधिक असेल तर डबी जोडू नका.

करून पाहा

डबी हाती आली की लगेच तिची परीक्षा घ्या, म्हणजे खराब निघाल्यास परत करता येईल. आर्डुइनो उनोच्या ९ क्रमांकाच्या खुंटीवर अ‍ॅनालॉगराइट आज्ञेने १२८ ही किंमत द्या. त्या खुंटीवर सेकंदाला सुमारे ४९० ठोके येतात आणि प्रत्येक ठोक्याचा निम्मा वेळ ती वर असते. आठही चॅनेल पाळीपाळीने त्या खुंटीला लावा. प्रत्येकावर एका ठोक्याची लांबी सुमारे २.०४ मिलिसेकंद भरली पाहिजे. एखादा चॅनेल मुका निघाला तर ती डबी ठेवू नका. हाच प्रयोग मीटरने करा. तो सुमारे २.५ व्होल्ट दाखवील. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि ते वेगळे का, हे धाकट्या भावंडाला समजावून सांगा.

शेवटी खर्चाचा क्रम सांगतो. फक्त दिवे आणि बटणे जोडत असाल तर अ‍ॅनालायझर घेऊ नका. मीटर बस्स आहे. संवेदक आणि पडदे जोडू लागलात, तर आठ चॅनेलांची छोटी डबी घ्या, शक्य तर मित्रांत मिळून. पिको घरी असेल तर तिच्यावरच शिका. आणि डबी असो वा नसो, नवा भाग मागवण्याआधी वहीत दोन ओळी लिहिण्याची सवय लावा : मला दोष कुठे वाटतो, आणि तो तिथेच आहे हे मी कशावरून म्हणतो? दुसऱ्या ओळीचे उत्तर लिहिता येत नसेल, तर पैसे अजून खिशातच राहू द्या.